आई बाळंतीण असताना

माझ्या आधी आईची तीन मुलं गेली. दोन गोवराने, आणि एक जन्मल्यावर महिन्याभरातच. मी चौथा. मी राहिलो म्हणून माझं नाक टोचलं, कुणाची दृष्ट लागू नये म्हणून एक ओबडधोबड नाव ठेवलं, आणि त्यानंतरची आठ वर्षं आईने मला खाऊपिऊ घालण्यात घालवली.

आम्ही कल्याणला राहत होतो. वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. घरात आम्ही तिघं, आणि वरकामाला एक वयस्क गडी. सकाळी उठलो की बदाम उगाळून घातलेलं दूध. मग आंघोळ झाल्यावर तुपात थबथबलेला शिरा. शाळेला निघण्याआधी मऊ भात, वरून तूप, आणि तो संपला नाही तर आई स्वतःच्या हाताने एकेक घास तोंडात घालायची. दुपारच्या सुट्टीत गडी लाडू घेऊन शाळेत यायचा. मला भूक लागली आहे का, हे आमच्या घरी कुणी कधी विचारलं नाही. भूक लागण्याइतका अवकाशच कधी मिळाला नव्हता.

शाळेत मी गड्याच्या खांद्यावर बसून जात असे. वाटेत कुत्री, धूळ, बाजारातल्या बैलगाड्या, आणि पुढे खाडीचा वारा, या सगळ्यांची आईला धास्ती होती. ऐन उन्हाळ्यातही माझ्या अंगात जाड बंडी आणि डोक्याला कानटोपी असे. बाकीची मुलं सुट्टीत विटीदांडू खेळत, आणि मी ओट्यावर बसून लाडू खात असे. मला त्यात काही वाईट वाटल्याचं आठवत नाही. ज्याला धावणं माहीत नाही त्याला धावावंसं तरी कसं वाटणार?

वर्गात मी झोपत असे. मुद्दाम नव्हे. मास्तर फळ्यावर खडू टेकवायचे, आकडे लिहायचे, आणि त्या आकड्यांच्या कडा माझ्या डोळ्यांसमोर विरघळायला लागायच्या. मग कुणीतरी मला हलवायचं आणि सगळा वर्ग हसायचा. मास्तर मारकुटे नव्हते. त्यांनी मला भिंतीला टेकून बसायची परवानगी दिली होती, म्हणजे निदान मी शेजारच्या मुलाच्या अंगावर पडणार नाही.

त्या वर्षी शाळा तपासणारे डिपुटीसाहेब वार्षिक परीक्षेला आले. त्यांनी मला सात दीड किती ते विचारलं. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. त्यांनी पुन्हा विचारलं. मला प्रश्न ऐकू येत होता, पण तो फार लांबून, पाण्याखालून आल्यासारखा. उत्तर आलं नाही आणि दुसऱ्या इयत्तेतच राहिलो. संध्याकाळी मास्तर घरी आले. ओटीवर बसून वडिलांना म्हणाले, "मुलगा गुणी आहे हो. त्रास म्हणून देत नाही. पण तो जागा राहत नाही, त्याला मी तरी काय शिकवणार?"

मास्तर गेल्यावर वडील आईला म्हणाले, "बुद्धी मंद आहे. कुणाचा काय इलाज? पुढल्या वर्षी पाहू, नाहीतर एखाद्या व्यापाऱ्याकडे भाताच्या वखारीत चिकटवून देऊ."

आई म्हणाली, "अशक्त आहे तो. अंगात रक्त भरलं की बुद्धी येईल."

दुसऱ्या दिवसापासून माझ्या दुधात बदामांच्या जोडीला खारकाही आल्या.

त्या सुमारास आई पुन्हा गरोदर होती. बाळंतपणाला तिला माहेरी, खडवलीला न्यायचं ठरलं. वडील म्हणाले, खडवलीला गाडी थांबत नाही, पण आगगाडीने वाशिंदपर्यंत जाऊ, तिथून थोडकीच वाट आहे. पण शेजारच्या बायकांनी सांगितलं की आगगाडीच्या हादऱ्याने गर्भ हलतो. म्हणून आम्ही बैलगाडीतून गेलो, आणि त्या खडबडीत वाटेने जे हादरे बसले त्यांच्याबद्दल परत आल्यावर कुणी काही बोललं नाही.

मामाचं घर नदीपासून जवळ होतं. मामा शेती बघायचे. आजी-आजोबा केव्हाच गेले होते, त्यामुळे घरचं सगळं मामीवर. स्वयंपाक, गुरं, आल्यागेल्याचं, आणि आता आईचं बाळंतपण. त्यांना एकच मुलगा होता, माझ्याहून तीनेक वर्षांनी मोठा, अगदी मितभाषी.

आम्ही गेल्यावर थोड्याच दिवसांत मला बहीण झाली. आई बाळंतिणीच्या खोलीत गेली आणि त्या खोलीचं दार मला बंद झालं. सव्वा महिना आत पाऊल टाकायचं नाही. मी दाराबाहेर उभा राहायचो आणि आई आतून विचारायची, "जेवलास का रे?"

"जेवलो."

"पोटभर?"

"पोटभर."

ते खरंच होतं. पण काय जेवलो ते ती विचारत नसे, आणि मी सांगत नसे.

मामीला मला भरवायला वेळ नव्हता. पहिल्याच दिवशी सकाळी तिने आम्हा दोघांपुढे रात्रीची नाचणीची भाकरी आणि वाटीभर दूध ठेवलं. मी बघत बसलो. मला वाटलं, आता ती कुस्करून देईल. ती गोठ्यात निघून गेली. मामेभावाने आपली भाकरी संपवली, माझ्याकडे एकदा पाहिलं, माझ्यातली अर्धी उचलली आणि तीही खाल्ली. मग दप्तर घेतलं आणि म्हणाला, "चल."

मामाने ठरवून टाकलं होतं की मी नुसता घरात बसण्यापेक्षा मामेभावाबरोबर शाळेत जावं. शाळा नदीपलीकडच्या गावात होती. पाणी गुडघ्याएवढं असे तिथून नदी उतरायची, आणि मग शेतांच्या बांधांवरून चालायचं. मी पहिल्या बांधावरच बसलो. पाय दुखतात म्हणालो.

मामेभाऊ थांबला. रागावला नाही. म्हणाला, "बरं, बस. येताना घेऊन जाईन." आणि चालायला लागला.

मी त्याच्या पाठीकडे बघत राहिलो. तो खरोखरच लांब जात होता. आजूबाजूला कापून झालेली भातशेतं, लांबवर एक गुराखी, बाकी कुणी नाही. मला भीती वाटली आणि मी उठून धावलो. आयुष्यात पहिल्यांदा धावलो असेन. दोनदा पडलो. त्याच्यापर्यंत पोचलो तेव्हा छातीत भाता चालल्यासारखं होत होतं. त्याने मागे वळून पाहिलं आणि चाल थोडी कमी केली, एवढंच.

पहिला आठवडा फार वाईट गेला. तळपाय सोलले, पोटऱ्या सुजल्या. रात्री मी उशीत तोंड खुपसून रडायचो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. शाळेतही काही वेगळं घडलं नाही. तिथले पंतोजी एकटेच सगळ्या इयत्ता सांभाळायचे. त्यांना माझ्याकडे बघायला सवडच नव्हती, आणि मी कोपऱ्यात बसून पाय चोळत असे.

पण त्या दिवसांतच मला भूक लागली. एका दुपारी पंतोजी पाढे म्हणून घेत होते आणि माझ्या पोटात काहीतरी ओढल्यासारखं झालं. मला वाटलं आजारी पडलो. मी घाबरून मामेभावाला सांगितलं. तो म्हणाला, "भूक आहे ती," आणि त्याने फडकं सोडलं. मामीने बांधून दिलेली तांदळाची भाकरी, वालाची उसळ आणि गुळाचा खडा. त्या भाकरीची चव मी इथे लिहू शकत नाही. पुढे मी अनेक पंक्तींना जेवलो, चांगल्या घरांत जेवलो, पण इतकी स्वच्छ चव मला पुन्हा कशालाच लागली नाही.

त्यानंतर दिवस पटापट जायला लागले. नदीत आधी मी काठावर बसत असे, मग गुडघाभर पाण्यात, मग मामाने कमरेला सुक्या भोपळ्यांची जोडी बांधून मला डोहात ढकललं. बंडी आणि कानटोपी कुठल्याशा खुंटीवर तशीच राहिली. शाळेतून येताना आम्ही करवंदीच्या जाळ्यांत शिरायचो. हिरवी, कच्ची करवंदंसुद्धा मीठ लावून खायचो. घरी येईपर्यंत पुन्हा भूक. मामी जे वाढेल ते खायचं, ताक प्यायचं आणि पाठ टेकताच झोप. आणि सकाळी मला कुणी उठवावं लागत नसे.

शाळेत माझ्या लक्षात आलं की दुपारी मी जागा असतो. हे लक्षात यायलाही काही दिवस लागले. पंतोजींनी एकदा सगळ्या मुलांना मिळून विचारलं, "नऊ सव्वे?" आणि माझ्या तोंडून "सव्वाअकरा" निघालं. कुणी वळूनही पाहिलं नाही, कारण तिथे मला कुणी मंद समजतच नव्हतं. पण मी स्वतः चकित झालो. ते पाढे मी कल्याणलाही ऐकले होते, वर्षभर, रोज. ते सगळे कुठेतरी आत पडून होते, आणि आता बोलावलं की येत होते. कुणी म्हणेल, भाकरीने बुद्धी आली. तसं मला वाटत नाही. जी काय थोडीफार होती ती होतीच. ती आता जागी होती.

सव्वा महिना झाला आणि आई न्हाऊन बाहेर आली. मी अंगणात लाकडाच्या ढलप्या काढत होतो. तिने मला पाहिलं आणि जवळ येऊन माझी हनुवटी वर उचलली. मी उन्हाने काळा पडलो होतो, गालफडं बसली होती, पायांवर काट्यांचे ओरखडे होते.

"वहिनी," ती मामीला म्हणाली, "हे काय केलंत माझ्या मुलाचं?"

मामीचे हात पिठात होते, ती तशीच उभी राहिली. मामा म्हणाले, "अगं, चांगला खणखणीत झालाय पोर. एक दिवस सर्दीसुद्धा झाली नाही त्याला."

"माझी तीन गेली आहेत, दादा," आई म्हणाली.

त्या दिवसापासून पुन्हा तूप-भात सुरू झाला. नदी बंद, शाळा बंद. आठवड्याभरात आम्ही कल्याणला परत आलो. मामी निरोप द्यायला गाडीपर्यंत आली होती, पण आई तिच्याशी धड बोलली नाही.

घरी आल्यावर थोड्याच दिवसांत मला ताप आला. आई म्हणाली, नदीचं पाणी बाधलं. वैद्यांनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी माझ्या कानामागे लाल पुरळ दिसला. आमच्या आळीत चार घरांत गोवर होता.

वैद्य आईला म्हणाले, "तुमच्या अंगावर तान्ही आहे. तुम्ही या खोलीत यायचं नाही. मुलाचं वडील बघतील."

आई दाराशी उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि मग ती माजघरात निघून गेली. दारावर कडुलिंबाचे डहाळे बांधले. पुन्हा एकदा आमच्या दोघांच्या मध्ये दार आलं, फक्त या वेळी बंद खोलीत मी होतो.

वडिलांनी कचेरीतून रजा घेतली. त्यांनी याआधी मला कधी मांडीवरही घेतलं नसेल. आता ते माझ्या उशाशी बसून कपाळावर पाण्याच्या पट्ट्या ठेवत, पंख्याने वारा घालत. त्यांचे हात लेखणी धरायला सरावलेले, पट्टी धड पिळता येत नसे आणि माझ्या कानांत पाणी जाई. ते पुसायलाही तेच. दाराबाहेरून आईचा आवाज यायचा, "कसा आहे?" आणि वडील दर वेळी म्हणायचे, "तसाच आहे." तिला खोटा धीर द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलेलं असावं.

गोवर अंगभर नीट फुटला. मग एका सकाळी मला जाग आली तर अंग गार होतं आणि मला भूक लागली होती. मी वडिलांना सांगितलं, "भूक लागली."

ते एकदम उठून दाराशी गेले. "अगं, ऐकलंस का? त्याला भूक लागली आहे. तो मागतो आहे."

थोड्या वेळाने पेजेची वाटी दाराशी आली. वैद्य येऊन पाहून गेले. म्हणाले, उतारा पडला, आता भीती नाही. वडिलांनी त्यांना विचारलं, "आधीची दोन याच दुखण्याने गेली. हा कसा राहिला?" वैद्य म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही. अंगात कस होता, एवढं खरं."

तरीही काही दिवस मला खोलीतच ठेवलं. वडिलांना माझ्याशी काय बोलावं ते समजत नसे. वेळ जावा म्हणून एकदा त्यांनी सहज विचारलं, "सात दीड किती रे?" आणि लगेच त्यांना वाईट वाटलं असावं, कारण ते दुसरीकडे बघायला लागले.

"साडेदहा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अकरा अडीच?"

"साडेसत्तावीस."

ते विचारत गेले आणि मी सांगत गेलो. मधे एक चुकलं, ते मीच दुरुस्त केलं. वडिलांनी पंखा खाली ठेवला. "अगं," त्यांनी दाराकडे तोंड करून हाक मारली, "जरा इकडे ये. बाहेरच उभी राहा, पण ऐक."

आईला पाढे येत नव्हते. तिला लिहिता-वाचताही येत नव्हतं. पण धान्याचं माप तिच्या हातात होतं. ती दारापलीकडून म्हणाली, "तीन पायल्या आणि वर दोन शेर तांदूळ. शेर किती झाले?"

"चौदा."

तिने बोटांवर मोजलं असावं, मग म्हणाली, "बरोबर आहे."

मी बरा होऊन बाहेर आलो तेव्हा आईने मला न्हाऊ घातलं आणि समोर बसवलं. बहीण पाळण्यात होती. आई म्हणाली, "आता मला सांग. तिकडे काय काय खायचास?"

मामीवर आळ येईल म्हणून मी आधी घुटमळलो. पण ती रागावलेली दिसत नव्हती. मी सगळं सांगितलं. शिळी भाकरी, ताक, वाल, करवंदं. नदी सांगितली, बांध सांगितला. शाळेत झोप येत नसे तेही.

"आणि उपाशी राहायचास?"

"नाही. भूक लागायची. मग खायचो."

आई बराच वेळ पाळण्याची दोरी ओढत राहिली. "मी कधी तुला भूक लागूच दिली नाही," ती हळूच म्हणाली. तिने ते मला सांगितलं की स्वतःलाच, ते तेव्हा कळलं नाही. त्याच आठवड्यात वडिलांकडून मामाला पत्र लिहवून घेताना तिने मामीसाठी दोन ओळी घालायला लावल्या. वडील वाचून दाखवत होते, म्हणून मला ऐकू आल्या. वहिनींनी मुलाला जपलं, मी उगाच बोलले, असा त्यांचा मतलब होता.

शाळा सुरू झाली त्या दिवशी गडी नेहमीप्रमाणे मला खांद्यावर घ्यायला वाकला. आई म्हणाली, "राहू द्या. तो चालत जाईल." मी निघालो. वळणावर मागे पाहिलं तर आई दारात होती, आणि गडी माझ्या मागे थोडं अंतर ठेवून येत होता, जणू त्यालाही त्याच बाजूला काही काम आहे. महिनाभर तो असाच मागे येत राहिला. मग एक दिवस आला नाही. त्याला आईने थांबवलं, की तोच कंटाळला, ते मी विचारलं नाही.

सकाळचा शिरा गेला. त्याच्या जागी भाकरी आणि दूध आलं. दुपारचे लाडू गेले. सणावारी गोड असे, आणि ते खरंच गोड लागे. आईचा स्वभाव काही एका रात्रीत बदलला नाही. ताटात थोडं जास्तीचं तूप ती पडू देतच असे, आणि पावसात मी भिजून आलो की तिच्या तोंडचं पाणी पळत असे. पण ती मला थांबवत नसे. त्याच वर्षी आमच्या मास्तरांनी शाळेमागच्या मोकळ्या जागेत मुलांकडून कवाईत करून घ्यायला सुरुवात केली. बऱ्याच पालकांनी तक्रार केली, आम्ही पोरं लिहायला पाठवतो, शिपाई व्हायला नव्हे. मास्तर वडिलांना विचारायला आले तेव्हा आतून आईनेच सांगितलं, "जाऊ दे त्याला."

वर्गात आता मी भिंत सोडून मधे बसत असे. फार हुशार निघालो असं मुळीच नाही. व्याकरणात माझी नेहमीच दाणादाण उडे, आणि अक्षर शेवटपर्यंत वाईट ते वाईटच राहिलं. पण मास्तर बोलत ते मला ऐकू येई, आणि ऐकलेलं घरी येईपर्यंत डोक्यात राही.

वर्षाच्या शेवटी तेच डिपुटीसाहेब आले. वडील त्या दिवशी कचेरीत जाण्याआधी शाळेच्या ओट्यावर येऊन बसले होते. साहेबांनी मला उभं केलं आणि विचारलं, "गाडीत बारा पोती भात आहे. दर पोत्यात अडीच मण. किती मण झालं?"

"तीस मण."

"वाच," म्हणत त्यांनी पुस्तक पुढे केलं. मी वाचलं. एका शब्दाला अडखळलो, पुढे गेलो. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या मुलाकडे वळले. इतकंच झालं. मी पहिला-दुसरा आलो नाही, कुठेतरी मधल्या मुलांत माझं नाव होतं. पण मी वरच्या इयत्तेत गेलो. मास्तर बाहेर येऊन वडिलांना म्हणाले, "वखार राहिली तुमची." वखारीचा बेत त्यांना वडिलांनीच कधीतरी सांगितला असणार. वडील हसले. मी त्यांना इतकं मोकळं हसताना क्वचितच पाहिलं आहे.

मी घरी पळत आलो. बातमी सांगायची होती. ओटीवर गडी तंबाखू चोळत बसला होता, त्याने तोंडावर बोट ठेवलं. आत आई चटईवर झोपली होती, कुशीला बहीण. मी बाहेरून यावं आणि आई दिवसा झोपलेली असावी, असं त्याआधी कधी झालं नव्हतं; ती नेहमी वाट बघत जागी असे. तोंड किंचित उघडं होतं, एक हात जमिनीवर सैल पडला होता. मी तिला उठवलं नाही. ओटीवर गड्याशेजारी बसून राहिलो, ती जागी होईपर्यंत.